स्मृतिभ्रंशाचं संशोधन, संमती आणि सरकारची तटस्थता: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

घरात विसरू लागलेलं माणूस आहे आणि आज ना उद्या दारात कोणीतरी फॉर्म घेऊन उभं राहणार आहे, अशांसाठी. मी नाशिकरोडला राहते. माझे वडील, आमचे नाना, सहा वर्षं या आजारात होते. ते गेल्यावर मी एका नीतिशास्त्र समितीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून जाऊ लागले. शिवाय महिन्यातून एकदा आम्ही सांभाळणारी माणसं एकत्र बसतो. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लिहिलेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत सांगून चालणार नाही.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात तेच ना हे?

नाही, आणि या म्हणीने फार नुकसान केलंय. गॅसवर दूध विसरणं कोणाच्याही हातून होतं. पण चाळीस वर्षं रोज केलेला चहा करताना आधी पाणी की आधी पावडर, इथे हात थांबला तर डॉक्टरांना दाखवायला हवं. स्मृतिभ्रंश हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे. त्यामागे अल्झायमर हे सर्वांत मोठं कारण, साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार हे दुसरं मोठं कारण. थायरॉइड, बी१२ ची कमतरता, नैराश्य, काही गोळ्यांचा परिणाम यांनीही माणूस गोंधळतो, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हणून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे हा आजार खरंच एवढा आहे का?

देशभरातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळलं. तज्ज्ञ मात्र शहरांत गर्दी करून बसलेले. नाशिक जिल्ह्यात याचा अर्थ असा, की सुरगाण्याच्या आजीला एका तपासणीसाठी अख्खा दिवस आणि सोबतच्या मुलाची मजुरी घालवावी लागते.

तो टाळता येतो का?

पूर्णपणे टाळण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये १४ धोके मोजले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार पुढे ढकलला जाईल, असा अंदाज मांडला. त्यात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, बैठं जगणं, एकटेपणा, नैराश्य, प्रदूषित हवा आहे. लहानपणी शाळा न मिळणं आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. या शेवटच्याकडे आपण लक्षच देत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढलेली माणसं आपल्या घराघरांत आहेत. ‘बाबा हल्ली ऐकतच नाहीत’ अशी तक्रार करण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या.

यादी नीट वाचली तर दिसतं, की यातलं निम्मं एकट्या माणसाच्या हातात नाही. शाळा, हवा, कारखान्यातला गोंगाट. इथूनच सरकारचा संबंध सुरू होतो.

चाचणीत वडील ‘नापास’ झाले. पण प्रश्नच विचित्र होते. तक्रार करावी का?

जरूर करा. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी स्मरणशक्तीची छोटी चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावरचं वाक्य वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा त्यात आजार मोजला जात नाही, तिला शाळा मिळाली नाही एवढंच मोजलं जातं. १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत काम करणाऱ्या संशोधकांनी हे ओळखलं आणि हिंदीत वेगळी चाचणी बांधली. त्यात आठवड्याचे वार उलटे म्हणायचे, समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून तो करतो तसं करायचं, वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं.

आमच्या बैठकीतल्या एका काकूंच्या सासूबाईंना ‘आज तारीख काय’ विचारलं. त्या म्हणाल्या, ‘वद्य एकादशी, आज उपास.’ तिथी बरोबर होती. उत्तरासमोर शून्य पडलं.

प्रश्न कोणाच्या आयुष्यातून उचलले, हा विज्ञानाचा प्रश्न आहे तितकाच न्यायाचा. माझ्या मते चाचणी बनवताना ती ज्यांना द्यायची त्यांना सोबत बसवणं हीच सहभागाची पहिली पायरी.

घरी एक बोली आणि बाहेर दुसरी बोलल्याने मेंदूला फायदा होतो म्हणतात. खरं का?

हैदराबादच्या एका रुग्णालयातल्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात एक भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली दिसली, आणि कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही फरक टिकला. इतर देशांतले सगळे निष्कर्ष असेच आलेले नाहीत, म्हणून ‘अहिराणी बोला, अल्झायमर टाळा’ असं म्हणणं घाईचं होईल. पण कळवण-सटाण्याच्या घरातली अहिराणी, पेठ-सुरगाण्यातली कोकणी-डांगी आणि बाजारातली मराठी रोज सहज बदलणारी माणसं जगाच्या संशोधनाला काहीतरी शिकवू शकतात. त्यासाठी कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या भाषेत विचारायला हवं.

या सगळ्यात सरकारच्या ‘तटस्थते’चा काय संबंध?

उदारमतवादी विचारात एक जुना आग्रह आहे: चांगलं आयुष्य कशाला म्हणायचं हे सरकारने ठरवू नये. कोणी वारीत सुख शोधेल, कोणी पुस्तकात, कोणी शेतात. सरकारने सगळ्यांना सारखे हक्क द्यावेत आणि कोणा एकाच्या जगण्याला श्रेष्ठ ठरवू नये. जॉन रॉल्स आणि रोनाल्ड ड्वॉर्किन या अमेरिकी विचारवंतांनी १९७० च्या दशकात याची नेटकी मांडणी केली. जोसेफ राझ यांनी १९८६ मध्ये उलट बाजू घेतली: माणसाला निवड करता यावी म्हणून निवडण्याजोगे चांगले पर्याय निर्माण करणं हे सरकारचं कामच आहे.

आता हे आपल्या घरात आणा. सरकारी पैशाने वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र निघालं आणि स्मरणशक्तीसाठी संगीत ठेवायचं ठरलं, तर कोणतं संगीत? हरिपाठ लावला तर पंचवटीतल्या आजी डोळे मिटून ओठ हलवू लागतील. भीमगीतांवर वाढलेल्या काकांना त्यातलं काहीच आपलं वाटणार नाही. जुन्या नाशकात दर्ग्याशेजारी आयुष्य काढलेल्या चाचांना कव्वाली हवी असेल. ‘आम्ही तटस्थ आहोत’ म्हणून अधिकाऱ्याने सगळं बंद करून नुसती बासरीची कॅसेट लावली, तर तिघांचंही नुकसान. या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, लहानपणी मुरलेलं बऱ्याचदा शेवटपर्यंत राहतं, आणि आपल्याकडे त्या मुरलेल्यात देव, धर्म, जात, चळवळ सगळं असतं. ते गाळून उरलेलं ‘निर्धर्मी’ औषध रिकामं असेल.

मला पटणारी तटस्थता अशी: सरकारने एकच गाणं लावू नये, गाणी बंदही करू नयेत, प्रत्येकाला किंवा त्याला ओळखणाऱ्यांना विचारावं, आणि त्या विचारण्यासाठी माणूस आणि वेळ यांचा खर्च करावा. हा खर्च अंदाजपत्रकात दिसला नाही तर तटस्थता फक्त कागदावर आहे असं समजा.

पण सरकारने मध्ये न पडणं हेच निःपक्षपातीपणाचं लक्षण नाही का?

नाशिककराने हा प्रश्न विचारला की मला काळाराम मंदिर आठवतं. १८५८ च्या जाहीरनाम्यात इंग्रजांच्या राणीने प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं सांगितलं होतं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजे बंद होते. चाललंय ते तसंच चालू द्यायचं, या भूमिकेचा फायदा आतल्यांना झाला. बाहेर उभ्या असलेल्यांच्या वाट्याला पोलीस आले. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. कुलूप आधीच लागलेलं असेल तर हात न लावणारा कुलपाच्या बाजूचा असतो.

स्मृतिभ्रंशातही आधीच कुलपं आहेत. सांभाळणं बहुतेक घरांत सुनेच्या किंवा मुलीच्या अंगावर पडतं. ‘हा कुटुंबाचा खासगी मामला’ म्हणून सरकार बाजूला झालं, तर सुनेने नोकरी सोडायची या जुन्याच निर्णयावर शिक्का बसतो. रॉल्स यांच्या मांडणीत नागरिक म्हणजे आयुष्यभर समाजाच्या देवाणघेवाणीत पूर्ण वाटा उचलू शकणारा माणूस, अशी सुरुवात होती. मार्था नुसबॉम आणि इव्हा किटे या तत्त्वज्ञ बायकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं: जे वाटा उचलू शकत नाहीत त्यांचं काय, आणि त्यांना उचलून धरणाऱ्या बायकांचं काय? मला वाटतं हा आक्षेप निर्विवाद बरोबर आहे. परावलंबन अपवाद मानून केलेला न्याय बाळंतिणीच्या खोलीत आणि म्हाताऱ्याच्या खाटेपाशी उपयोगी पडत नाही.

आईने शुद्धीत असताना सांगितलेलं पाळायचं, की आज ती जे दाखवते ते?

आमच्या बैठकीतला सर्वांत कठीण प्रश्न. एका घरातल्या आजी जन्मभर कडक सोवळ्याच्या. ‘माझ्या तोंडात बाहेरचं काही घालू नका’ असं त्यांनी लेकीला बजावलेलं. आता शेजारच्या मुलाने दिलेलं केकचं बोट त्या चाटतात आणि खुदकन हसतात. लेक रडकुंडीला येते: आईचा शब्द मोडू की आईचं हसू?

ड्वॉर्किन यांनी १९९३ मध्ये यावर लिहिलं. अल्झायमर झालेली पण मजेत दिसणारी एक बाई त्यांनी उदाहरणाला घेतली आणि कौल दिला, की शुद्धीत असताना आयुष्याला दिलेला आकार महत्त्वाचा. तेव्हाची इच्छा पाळावी. कायद्याच्या अभ्यासक रिबेका ड्रेसर यांना हे पटलं नाही. आज समोर असलेल्या माणसाचं सुख-दुःख कालच्या कागदासाठी का डावलायचं, असं त्यांनी विचारलं. १९९९ मध्ये तत्त्वज्ञ अग्निएश्का यावोर्स्का यांनी तिसरा धागा पकडला: आखणी करण्याची ताकद गेली तरी एखादी गोष्ट मोलाची मानण्याची क्षमता बराच काळ शिल्लक राहते. नुसतं ‘हवं’ वेगळं आणि ‘हे मला महत्त्वाचं आहे’ वेगळं. हे दुसरं जोवर दिसतं, तोवर माणूस स्वतःबद्दल बोलतोच आहे.

मी या तिसऱ्या बाजूची. आमच्या नानांना माझं नाव आठवत नसे, पण पाहुणा चहा न घेता उठला की ते अस्वस्थ होत. ती नुसती सवय नव्हती. त्यांच्या दृष्टीने काहीतरी चुकत होतं आणि ते त्यांना कळत होतं. आजींच्या केकबद्दल मी त्या लेकीला एवढंच म्हटलं, की आई केकनंतर अस्वस्थ होते का, हात धुवायला बघते का, हे चार दिवस पाहा. निर्णय तिनेच घेतला.

कायदा काय म्हणतो? संमती कोण देणार?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचं भान यांचे गंभीर बिघाडही येतात. त्यातल्या काही गोष्टी प्रत्येक घराला माहीत हव्यात.

उपचारांबाबत निर्णयक्षमता आहे की नाही हे बघताना माणसाने निर्णय बोलूनच सांगायला हवा असं नाही. हावभाव, खूण किंवा इतर मार्गही चालतात. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. समाजातल्या रूढ नैतिक, धार्मिक, राजकीय मूल्यांशी जुळत नाही म्हणून कोणाला मानसिक आजारी ठरवता येत नाही. तटस्थतेचा अख्खा वाद या काही ओळींत उतरलाय आणि तो आपल्याच कायद्यात आहे. आजाराच्या सुरुवातीलाच पुढच्या उपचारांबद्दलच्या इच्छा लिहून ठेवण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्कही याच कायद्याने दिलाय. लवकर वापरा. उशिरा लिहिलेल्या कागदावर भाऊबंद भांडतात.

संशोधनासाठी कलम ९९ आहे. समजून-उमजून संमती देऊ न शकणाऱ्या, पण विरोधही न करणाऱ्या माणसावर प्रयोग करायचा असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नेमलेल्या प्रतिनिधीची संमती त्यानंतर. तीही अशाच संशोधनाला, जे संमती देऊ शकणाऱ्यांवर करून भागत नाही आणि ज्याचा उपयोग त्याच आजाराच्या लोकांना आहे. म्हणजे थोरल्या मुलाने सही केली की झालं, असं नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आणखी पुढे जातो: अपंग व्यक्तींवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः अपंग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत.

नीतिशास्त्र समितीवर सामान्य माणूस काय करतो?

भाषा बघतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत ७ ते १५ सदस्य असतात. डॉक्टरांसोबत कायद्याचा जाणकार, समाजशास्त्र किंवा तत्त्वज्ञानाचा माणूस आणि एक सामान्य नागरिक. माझ्यासमोर माहितीपत्रक आलं की मी ते मोठ्याने वाचते. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक स्वरूपाचा असून’ अशी सुरुवात असेल तर परत पाठवते. ‘तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हटलं तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत’ असं लिहायला कागद जास्त लागत नाही.

सहभागाचं नीतिशास्त्र म्हणजे नेमकं काय?

ज्यांच्यावर संशोधन, त्यांनीच काय शोधायचं हे ठरवण्यात बसणं. अल्झायमर हे नाव ज्यांच्यामुळे आजाराला मिळालं, त्या डॉक्टर आलोईस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफुर्टला ऑगुस्टे डेटर या पन्नाशीच्या बाईंना तपासलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९०६ मध्ये, मेंदूतले बदल मांडले. १९९५ मध्ये त्या बाईंची फाईल सापडली, आणि आज त्यांचं नाव, फोटो, अडखळलेली उत्तरं जगभर छापली जातात. यातलं काहीही त्यांना विचारून झालेलं नाही. ज्ञान मिळालं, त्याचं मोल मी नाकारत नाही. पण सुरुवात कशी झाली हे लक्षात ठेवायला हवं.

स्कॉटलंडमध्ये २००२ पासून स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांचाच एक गट काम करतो. संशोधकांनी आपल्याशी कसं वागावं याची तत्त्वं त्यांनी स्वतः लिहिली. आपल्याकडे गडचिरोलीत बंग दांपत्याने १९८० च्या दशकात गावांना विचारून आरोग्याचं संशोधन सुरू केलं आणि त्यातून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या गावच्या बायका उभ्या राहिल्या. मराठी मुलखाला ही पद्धत परकी नाही. स्मृतिभ्रंशात ती यायची आहे. नाशकात आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आशाताईंचं जाळं आहे, ठिकठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. या तिघांना एका टेबलाशी बसवायला करोडोंचा निधी लागत नाही.

आम्ही बैठकीत एकदा विचारलं, ‘तुम्हाला संशोधकांनी काय शोधून द्यावं?’ कोणीही औषध म्हटलं नाही. एक म्हणाल्या, ‘रात्री दोनला उठून घरी जायचं म्हणतात, घरातच असतात, तेव्हा काय बोलू?’

नव्या औषधांचं काय?

लेकानेमॅब आणि डोनानेमॅब या दोन औषधांना अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. दोन्ही अगदी सुरुवातीच्या अल्झायमरसाठी. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. गेलेली आठवण परत येत नाही. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतो. दागिने मोडण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांशी नीट बोला.

फॉर्म घेऊन कोणी आलं तर काय विचारू?

औषधाची चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक मागा. २००९ पासून भारतात ही नोंद सक्तीची आहे आणि केंद्रीय नोंदवहीत ती कोणालाही मोफत पाहता येते. कोणत्या समितीने परवानगी दिली, इजा झाल्यास खर्च कोण करणार, निकाल आम्हाला कळवणार का, हेही विचारा. पत्रक तुमच्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर संशोधकाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मागण्यात लाज नाही. एकदा हो म्हटलं तरी कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता.

ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन्ही क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

वडील बोलतच नाहीत. त्यांचा ‘विरोध’ ओळखायचा कसा?

नाना नोटप्रेसमध्ये होते. छापलेल्या नोटांची शीट तपासण्यात त्यांची उमर गेली. आजाराच्या चौथ्या वर्षी एका पाहणीचा मुलगा घरी आला. मी आत चहा टाकत होते. बाहेर आले तेव्हा नाना संमतीपत्र दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते, तिरपं करून, पुन्हा सरळ करून. मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, यांना काही समजत नाहीये, अंगठाच घेऊन टाकतो.’ नानांना सही येत होती. कागदासाठी त्याने हात पुढे केला, तेव्हा नानांनी कागद छातीशी ओढला. मुलाने हसून तो हळूच काढून घेतला, अंगठा शाईत बुडवला, आणि मी चहाचा ट्रे हातात घेऊन बघत राहिले.

नाना जलचिन्ह शोधत होते. खात्री झाल्याशिवाय शीट पुढे सरकवायची नाही, हे त्यांचं काम होतं. त्यांनी ती सरकवली नव्हती.